उन्हानं तापलेलं पानी

तुमी बंबाचं कौतुक सांगताय, तर आमच्या औंढ्याचं ऐका. पुण्याचे प्रोफेसर आन् त्यांचे जर्मन सोबती, दोघांनी मिळून उन्हावर पानी तापवायची काचेची पेटी बनवली आन् माझ्या अंगणात बसवली. पन सुईण सखूमावशी म्हनली, "चुलीबिगर कुटं पानी तापतंय? बाळंतिणीला बाधंल." झालं, बाया फिरकंनात. कुनी वापरलं न्हाई तर पेटी परत न्यायची ठरली.

जर्मन साहेब लय धीराचा. सदरा काढून पाटावर बसला आन् पेटीतलं पानी बादलीत काढून तांब्यानं भडाभडा डोक्यावर ओतलं. लगेच उडीच मारली! मावशी गार पान्याची कळशी घेऊन धावली, "आरं लेकरा, इसण तरी घालून घ्यायचं!"

साहेब लालबुंद, तरी हसतोय. मावशीनं बादलीत बोट बुडवून बघितलं आन् माझ्या बाळंतीण सुनेला हाक मारली, "चल गं, न्हाऊ घालते."