मंगळावर गेलेला साडू

मंडळी, ऐका! आज सवाल एकच. माणूस किती लांब गेला, म्हणजे त्याचा हेवा मागे राहतो? वेशीपर्यंत? समुद्रापार? नाही म्हणता? मग आणखी लांब जाऊ. चला मंगळावर!

हसू नका! काळ पुढचा आहे. मंगळावर सहली निघतात. आणि आपली माणसं तिथंही मेतकूट नि लोणचं घेऊनच जातात!

तर चिपळूणचे भालचंद्र ओगले आणि गुहागरचे प्रभाकर जोगळेकर. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, म्हणजे साडू! – तबलजी, मान खाली का घातलीत? तुम्हालाही आहे वाटतं एक! – प्रभाकर हिमालयात गेला, की ओगले आल्प्सला! त्यानं हत्ती पाहिला, की ह्यांनी देवमासा! पण उपयोग काय? प्रभाकर बोलायला लागला की पंगत जेवायची थांबायची. ओगल्यांच्या देवमाशाला मात्र कुणी विचारीना! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

बायको सुनंदा म्हणायची, "अहो, मला नको ते आल्प्स. मालूताईकडे चार दिवस राहून येऊ."

"त्या प्रभाकरच्या ओटीवर? त्याच्या बढाया ऐकत? मेलो तरी नाही!"

ती बिचारी पुन्हा आल्प्सच्या बॅगा भरायला घ्यायची. अशा किती वर्षं बॅगा भरल्या!

एका मुंजीत वरणभात कालवता कालवता प्रभाकर म्हणाला, "यंदा मंगळावर जावं म्हणतो." झालं! ओगले मठ्ठा न पिताच उठले. दुसऱ्याच दिवशी यानात जागा धरली – त्याच्या आधी पोचायचं म्हणून!

सुनंदा म्हणाली, "मी नाही यायची. मी ताईकडे जाते."

"जा! आणि मी तिथं पोचलो ना, की त्याचं तोंड कसं पडतं ते डोळ्यांनी बघ!"

गेले हो! कित्येक महिने प्रवास करून पोचले. लाल डोंगर, अख्खा सह्याद्री मावेल एवढी दरी! आणि सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळाई! लोकांनी हात जोडले. तिथं वजन कमी भरतं, म्हाताऱ्यासुद्धा टुणटुण उड्या मारत होत्या. आणि आमचे ओगले? कॅमेऱ्यात बघून ओरडत होते, "बघा, प्रभाकरराव, बघा!"

"मी पोचलो! तुम्ही कधी येताय?" असा निरोप प्रभाकरला धाडला. मंगळावर उत्तर यायला वेळ लागतो. ओगले दगडावर बसून राहिले. डोळे त्या पडद्याला चिकटलेले. कशासाठी? साडूचं पडलेलं तोंड बघायला!

आलं उत्तर. गुहागरची ओटी. मधोमध फोडलेला फणस. तेलाच्या हातांनी गरे काढणारा प्रभाकर, शेजारी मालूताई, आणि सुनंदा – हसतेय! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतेय! लग्नानंतर ती अशी कधी हसली होती, हे ओगल्यांना आठवेना.

"वा, भालचंद्रराव! झकास!" प्रभाकर म्हणाला. "मी कधी येतोय? छे हो! ते पंगतीतलं बोलणं! गुडघ्यांनी केव्हाच नकार दिलाय. – सुनंदा, हा गरा घे, हा रसाळ आहे."

आणि पडदा काळा झाला!

आभाळात एक ठिपका उगवला. सहलीचा वाटाड्या म्हणाला, "ती बघा आपली पृथ्वी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओगले त्या ठिपक्याकडे बघून जळत होते, मंडळी! सारं जग मंगळावर जाणाऱ्यांचा हेवा करतंय, आणि मंगळावर बसलेला हा माणूस गुहागरच्या ओटीचा हेवा करतोय! "देवा, ती माझ्या ओटीवर का नाही रे हसली?" देव काय सांगणार? ह्यांच्या ओटीवर तिला कधी कुणी हसू दिलं होतं? आणि परतीचं यान पुढल्या वर्षी!

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठं मंगळावर जातोय! नका जाऊ. आता आरती होईल, मग प्रत्येकाच्या हातावर प्रसाद पडेल. तेव्हा फक्त एवढंच पाहा – तुमची नजर आधी कुणाच्या हाताकडे जाते? तुमच्या, की शेजारच्याच्या?