नाव घातलेली कॅसेट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बाजारपेठ संघाचे प्रमुख माननीय किशिमोतो-सान, तोक्योहून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे आणि व्हिडिओ खेळांच्या कंपनीचे प्रतिनिधी शिराइशी-सान, संघाचे सर्व पदाधिकारी, माझे शेजारी दुकानदार, आणि शेवटच्या रांगेत बसून भाषणं संपायच्या आधीच इनारी-भाताचे डबे उघडलेल्या माझ्या गिऱ्हाइकांनो, तुम्हा सर्वांना हामागुची फुसाएचा वाकून नमस्कार.

खा, खा. लाजू नका. भात सुकला की त्यात काही राम राहत नाही.

मघापासून माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं जातंय, की मधे एकदा मला वाटलं, मी वारले की काय! मान वळवून मागचा फलक पुन्हा वाचला. 'त्सुबामे दुकानाच्या हामागुची फुसाए यांना कृतज्ञतापूर्वक निरोप.' अक्षर सुरेख आहे. रंगही छान निवडलाय. ज्यांनी कष्ट घेतले त्यांचे मी मनापासून आभार मानते, आणि पुढं जे बोलणार आहे त्याचा राग त्या फलकावर काढू नका, एवढी विनंती आताच करून ठेवते.

प्रमुख पाहुण्यांचं भाषण फार प्रभावी झालं. शिराइशी-सान म्हणाले, येणारा काळ दुकानातल्या फळ्यांचा नाही. खेळ आता डब्यातून येणार नाहीत, तारेतून थेट घरात उतरतील. हरवणार नाहीत, फुटणार नाहीत, कुणी चोरणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माणूस खोटं बोलत नाहीये हो. माझ्या वरच्या मजल्यावर नर्सबाई राहते. रात्रपाळी करून येते तेव्हा आपली सगळी दुकानं बंद असतात. ती अंथरुणात पडल्या पडल्या खेळ विकत घेते आणि अर्धा तास खेळून झोपते. तिला मी काय म्हणून नावं ठेवू? तिची खोली एवढीशी, डबे ठेवायचे कुठं? ज्याला तसं घ्यायचं त्यानं खुशाल घ्यावं. माझं भांडण त्याच्याशी नाही.

मग भांडण कुणाशी आहे? सांगते. घाई काय आहे?

शिराइशी-सानांनी मला पुष्पगुच्छाबरोबर एक भेट दिली. हे पाहा. सुंदर पाकीट, आत चकचकीत कार्ड, त्याच्यावर खरवडायची पट्टी. खरवडलं की खाली आकडे. ते यंत्रात भरले की कंपनीचा नवाकोरा खेळ माझ्या घरी उतरणार. जुने खेळ विकण्यात जिची हयात गेली तिला निरोपाला ही भेट! अहो, हसताय काय? मासेवाल्याला निवृत्तीच्या दिवशी माशाचा फोटो दिलात तर तो काय म्हणेल?

चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, "शिराइशी-सान, हा खेळ खेळून मला कंटाळा आला, तर विकता येईल?"

ते म्हणाले, "नाही हो काकू, ते शक्य नाही."

"बरं, बहिणीला देऊन टाकते."

"तो तुमच्याच खात्यावर राहील."

"आणि मी मेल्यावर?"

बिचारे चहा ढवळायला लागले. आपल्या चहात साखर नसते, ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरुण मुलगा आहे, त्याच्या हातात काय आहे म्हणा! पण मी पैसे मोजून घेतलं काय? वस्तू नाही घेतली. वापरायची परवानगी घेतली, आणि ती परवानगी ज्यानं दिली तो दुकान बंद करून गेला की ती कुणाकडे मागायची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता आपले तात्सुमी आजोबा. हात वर करा आजोबा, लपू नका! नातवाच्या वाढदिवसाला यांनी मोठ्या दुकानातून खेळ घेतला. हो, माझ्याकडून नाही, मोठ्या दुकानातून. तिथं कागदात बांधून रिबीन लावून देतात म्हणे. नातू राहतो नाराच्या डोंगरात. तिथं फोन लावायचा तर अंगणात जावं लागतं. पोरानं रिबीन सोडली, डबा उघडला, आत डिस्कही नाही आणि कॅसेटही नाही. एक चिठ्ठी, तिच्यावर आकडे. दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्या दुकानात उभे! "फुसाए-सान, शेंग दिली आणि दाणे काढून घेतले!" मी म्हटलं, "मी कुठं दिली? जिथून रिबीन आणलीत तिथं जा." पण मग त्यांना तोच खेळ, डिस्कवाला, जुना, कुणीतरी एकदा खेळलेला, फळीवरून काढून दिला. पोरगं आठवडाभर जेवायला उठेना. खेळून संपला तसा तो डबा परत माझ्याकडे आला आणि त्याच्या बदल्यात दुसरा गेला. आपली गिऱ्हाइकं अशीच वागतात. एक खेळ संपवायचा, विकायचा, त्यात थोडे येन घालून पुढचा घ्यायचा. ही कंजुषी आहे म्हणून तोक्योत हसतात. हसू देत! ओसाकाचा माणूस पैसे देतो तेव्हा हातात काय आलं ते बघतो.

आमचे हे, म्हणजे हामागुची सादाओ, यांनी दुकान काढलं तेव्हा एक नियम घालून दिला. जुन्यांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. त्या काळी पोरं खेळांच्या कॅसेटी एकमेकांना द्यायची आणि त्या परत यायच्या नाहीत. म्हणून आया कॅसेटच्या पाठीवर जाड शाईनं पोराचं नाव घालायच्या. शाळेच्या दप्तरावर घालतात तसंच. अशी नाव घातलेली कॅसेट विकायला आली की बाकीचे दुकानदार भाव पाडतात, नाहीतर औषध लावून नाव घासून काढतात. आमचे हे म्हणायचे, "नाव पुसायचं नाही. नवा घेणारा खाली आपलं नाव लिहील. आणि वरचा नाववाला कधी दारात आला, तर त्याची त्याला फुकट द्यायची." मी म्हटलं, "अहो, आपण दुकान चालवतोय की हरवलेल्या सामानाचं ऑफिस?" तर म्हणाले, "दोन्ही."

आणि लोक येतात हो! गेल्या उन्हाळ्यात बँकेतली एक मोठी अधिकारी आली, उंच टाचा, हातात फाइल. नाववाल्या फळीपुढं थांबली ती हलेना. मग स्वतःच्या नावाची कॅसेट हातात घेऊन तिथूनच भावाला फोन लावला. "चोरा! तूच विकलीस ना? इतकी वर्षं मांजराचं नाव सांगत होतास!" पलीकडून भाऊ माफी मागतोय, इकडे ही रडतेय आणि हसतेय. मी तिला बार्लीचा चहा दिला. आकडे लिहिलेल्या कार्डासाठी कुणी असं येईल का? शिराइशी-सान, माझ्याजवळ शाईचं पेन आहे. तुम्हीच सांगा, या कार्डावर मी माझं नाव कुठं घालू? आणि घातलं, तर ते कुणाच्या हातात जाईल?

असो. आता मुख्य गोष्ट.

आज आपण इथं जमलो कशामुळं? माझ्या वाकण्यामुळं. नवीन वर्षाच्या मेजवानीत किशिमोतो-सानांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, की हामागुची-सान या वसंतात दुकान आवरतायत, आणि त्या गाळ्यात संघातर्फे मऊ खुर्च्या, मोठा पडदा लावून तरुणांना खेळ उतरवून घ्यायची बैठक करायची आहे. मला कुणी विचारलेलं नव्हतं. तोंडात मोचीचा, त्या चिवट तांदळाच्या वडीचा, तुकडा होता. तो चावू, गिळू, का "थांबा" म्हणू? तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या पडल्या की आपण काय करतो? वाकतो. लहानपणापासून पाठीच्या कण्याला लागलेली सवय ती! मी वाकले. आणि सगळे समजले, बाईनं होकार दिला.

त्यानंतर दोनदा सांगायला निघाले. पहिल्यांदा बाहेर पडले तर दारात शेजारची मंडळी लाल कडधान्याच्या मांजू मिठाईचा डबा घेऊन उभी. "इतकी वर्षं सोबत होतात!" डोळ्यांत पाणी. आता डबा घेतल्यावर उलट भेट द्यायला हवी, मग त्या भेटीवर त्यांची भेट. दुसऱ्यांदा निघाले तर फलकाचा मजकूर दाखवायला माणूस आला. लोक इतक्या प्रेमानं घालवत होते, की मी जात नाहीये हे सांगायला तोंड उघडेना. म्हणून ठरवलं, रीतसर माईक हातात येईल तेव्हाच बोलायचं. आज आलाय. आता तो कुणी काढून घेऊ नका.

किशिमोतो-सान, त्या मेजवानीत माझ्या पिशवीत तुमच्यासाठी एक वस्तू होती. ती द्यायलाच मी आले होते. तुम्ही माईक उचललात आणि राहून गेली.

तुमच्या आई, माचिको-सान. कोंबूच्या, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाच्या, दुकानात दिवसभर उभ्या, हाताला समुद्राचा वास. तुम्ही एकुलते एक आणि महाविसरभोळे. त्या तुमच्या छत्रीवर नाव घालायच्या, डब्यावर घालायच्या, चड्डीवरसुद्धा घालायच्या. लाजू नका, इथं सगळ्यांना माहीत आहे. दुसरीत असताना तुम्ही रडत रडत माझ्या दुकानात आलात. "काकू, ज्याला माझी कॅसेट दिली त्यानं दुसऱ्याला दिली, आणि तो दुसऱ्या गावाला गेला!" नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. आमच्या ह्यांनी तुम्हाला दुसरी कॅसेट देऊ केली, तर म्हणालात, "ती माझी नाही."

दुसऱ्या दिवशी माचिको-सान आल्या. म्हणाल्या, "हामागुची-सान, कधी तुमच्याकडे आली तर ठेवून द्या. नाव आहे तिच्यावर, येईल ती." पुढंही कोंबू द्यायला आल्या की सहज विचारायच्या, "आली का हो?" तुम्ही तोक्योला शिकायला गेलात तरी विचारायच्या. शेवटी आजारी होत्या, मी भेटायला गेले, तेव्हाही. मी म्हटलं, "अजून नाही." तर म्हणाल्या, "दुकान आहे ना तुमचं? मग येईल."

गेल्या पानगळीत क्यूशूहून एक गृहस्थ मामांचं घर आवरून पिशवीभर कॅसेटी घेऊन आले. मी एकेक उलटी करून बघत होते.

ही ती. मागच्यांना दिसत नसेल, मी वाचते. 'किशिमोतो तोशिहिरो, इयत्ता दुसरी, तिसरी तुकडी.' 'रो'चा फाटा जरा लांब काढलाय, त्या तसाच काढायच्या. खाली आणखी पाच जणांची नावं. एक वाकायामाचा, एक थेट कागोशिमाचा. कुणीही वरचं नाव पुसलं नाही. दुकानातल्या जुन्या यंत्रात फुंकर मारून लावली. चालू झाली.

तोशीबो, रडू नकोस. अध्यक्ष आहेस, लोक बघतायत.

हात पुढं करू नकोस, इथं देणार नाही. नियम नियम आहे. ज्याचं नाव, त्यानं दुकानाच्या दारात यायचं. दाम लागणार नाही. पण दुकान असायला हवं ना रे! तुझ्या आईनं कॅसेट माझ्या नव्हे, दुकानाच्या भरवशावर सोडली होती. आणि त्या फळीवर अजून शंभरेक नावं पडून आहेत. त्यांच्या आया मला विचारायला येत नाहीत, एवढाच फरक. गाळ्याचा करार माझ्या नावावर आहे, भाडं वेळेवर जातं, आणि सोडते असा शब्द मी कुणाला दिलेला नाही. मऊ खुर्च्यांसाठी दुसरी जागा बघा. हवं तर या सभागृहात घाला, इथल्या खुर्च्या फार टोचतात.

माझे गुडघे दुखतात, खरं आहे. यंत्रांना आता कॅसेट किंवा डिस्क घालायची फटच नसते, हेही खरं. नव्या खेळांचा माल दर वर्षी कमी येतो. उद्या कदाचित येणारच नाही. नाही आला तर नाही आला! जो आलेला आहे तो अजून फिरतोय, आणि फिरता फिरता माझ्याकडेच येतोय. तो येईल तेव्हा दार बंद दिसणार नाही, एवढं मी बघणार आहे.

अध्यक्षांनी समारंभ घडवून आणला, पाहुणे लांबून आले, इनारी उत्तम होती, फुलांचा वास अजून दरवळतोय. सगळ्यांची मी ऋणी आहे. शिराइशी-सान, तुमचं कार्ड वरच्या नर्सबाईला देईन, तिला उपयोग होईल. म्हातारीच्या बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

आता मी बोलणं थांबवलं की तुम्ही टाळ्या वाजवाल, आणि सवयीप्रमाणं मी वाकेन. या वेळी गैरसमज नको. ते वाकणं फक्त टाळ्यांसाठी असेल. दुकान उद्या सकाळी दहाला उघडेल.

तोशीबो, पहिला तू ये.