चिखल न पाजलेला कूलर

सन्माननीय अध्यक्ष कमलेशभाऊ, कोळगावच्या जिल्हा कार्यालयातून मुद्दाम आलेले साहेब, बोईसरच्या कारखान्याचे प्रतिनिधी, आपल्या मच्छीमार संस्थेचे संचालक, दातिवऱ्याच्या मायबहिणी, तांडेल-खलाशी बांधव, आणि ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते आमचे धर्माजीकाका, सर्वांना नमस्कार.

मी दीपेश, ‘जमना’ बोटीचा तांडेल. काकांबद्दल चार गोड शब्द बोल, असं मला सांगितलंय. ते माझ्याआधीच्या वक्त्यांनी बोलून संपवले. मी उरलेलं बोलतो.

एकतीस वर्षं काकांनी संस्थेच्या वर्कशॉपात आपली इंजिनं सांभाळली. आज ते निवृत्त होतायत, असं पत्रिकेत छापलंय. त्यांची अजून दोन वर्षं बाकी होती, हे छापायचं कसं राहिलं?

दिवाळीनंतर बोटींसाठी नवा कूलर निवडायचा होता. खाडीचं पाणी त्याच्या नळ्यांतून फिरतं आणि इंजिनाची उष्णता घेऊन बाहेर पडतं, एवढंच त्याचं काम. काकांना जाड नळ्यांचा हवा होता, दोन्ही टोकांची झाकणं भर समुद्रात उघडून, सळई घालून गाळ काढता येईल असा. कारखान्याचा होता बारीक नळ्यांचा, देखणा. त्यांच्या तक्त्यावर तो इंजिन जास्त थंड ठेवत होता. तो तक्ता नळाच्या स्वच्छ पाण्यावर काढलेला होता, साहेब.

चाचणी माझ्याच बोटीवर झाली. कधी? ऐन भरतीला. कारण ओहोटीला पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागला असता. नारळ फुटला, इंजिन थंडगार राहिलं, आणि आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, त्याची मला आज लाज वाटते. एकटे काका म्हणाले, “आता नाय. ओहोटीला बगू. आदी चिखल पिऊन दाकवू दे त्याला.” आपण हसलो.

पंधराव्या दिवशी ओहोटीत खाडीतून निघालो. नळ्या गाळानं बुजल्या, इंजिन तापलं. काय झालंय ते बघायला माझा मेव्हणा मनीष इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला गेला, आणि वाफेनं त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तो तिकडे शेवटच्या रांगेत बसलाय. मघाशी सगळा मांडव टाळ्या वाजवत होता, तेव्हा त्याला वाजवता येत नव्हत्या.

संस्थेच्या अहवालात काय लिहिलं? खलाशाचा हलगर्जीपणा. काकांनी त्यावर सही केली नाही. पुढच्या महिन्यात त्यांना निवृत्तीचं पत्र मिळालं. याला तुम्ही सत्कार म्हणता? मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

अध्यक्षसाहेब, तोच कूलर आणखी अठरा बोटींना बसवायची ऑर्डर तुमच्या समोरच्या फाईलमध्ये आहे. चहानंतर सही होणार, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी एकच विनंती. काकांना शाल द्या, पण हातातला तो नारळ ठेवून घ्या. उद्या सकाळी ओहोटी आहे. दोन्ही कूलर धक्क्यावर आणू, काका सांगतील तसे तपासू, आणि जो टिकेल त्याच्यापुढे तो फोडू. तोपर्यंत पेन खिशात राहू द्या.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात मान राखायचा राहिला असेल, तर तुमचाच पोर समजून पदरात घ्या. माझी चूक तुम्ही पोटात घालाल. त्या फाईलमधली चूक अठरा बोटींवरच्या माणसांना हातांवर घ्यावी लागेल.