पास झेलला कोणी?

नेब्रास्कातल्या त्या इस्पितळात रोझलिन रक्ततपासणीसाठी थांबली होती. समोर अमेरिकन फुटबॉलच्या स्थानिक संघाच्या लाल टोप्या घातलेले दोन म्हातारे भाऊ बसले होते. त्यांचा थोरला भाऊ व्हर्जिल आतल्या खोलीत होता.

"चेंडू फेकला की समोरच्या संघाच्याच हातात! हा क्वार्टरबॅक आहे की पोस्टमन, ऑर्व्हिल?"

"पोरगं काय करणार? पुढची फळी पुठ्ठ्याची, आणि कोच दर वेळी चेंडू घेऊन मधूनच घुसायला लावतो. आपली पुढची चाल आता गाईंनाही कळते."

"घरच्या मैदानावर अठ्ठेचाळीस-तीन असे हरलो!"

"हळू बोल, ड्वेन. व्हर्जिल ऐकेल. शुद्धीवर येताच त्याने स्कोअर विचारला. मी म्हटलं, जिंकलो."

"काय?"

"पोरानं शेवटच्या मिनिटाला लांब पास टाकला, असंही म्हणालो."

"यावर कोण विश्वास ठेवेल?"

"त्याने ठेवला. रडला लेकाचा. दुसऱ्या ऑपरेशनला नाही म्हणत होता ना? आता म्हणतो, करून घेतो, या पोराचा पुढचा मोसम बघायचाय."

"अरे देवा. पुढचा मोसम!"

दारात नर्स आली.

"ऑर्व्हिल कोण? व्हर्जिल ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तयार आहेत. पण आधी विचारतायत, तो पास झेलला कोणी?"

ऑर्व्हिलने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सांग ना," ड्वेन पुटपुटला. "आपल्याकडे झेलणारा आहे कोण?"