इतकुसा जोर

मुलुंडच्या त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एकाच दांड्यावर बसवलेल्या चार खुर्च्या होत्या. एक माणूस उठला की बाकीचे तिघे हलायचे. कडेला वसुधाताई दुखरा गुडघा चोळत बसल्या होत्या. शेजारी अर्धांगवायूनं वाचा आणि उजवा हात गेलेले एक गृहस्थ, त्यांची बायको आणि तरुण मुलगी मित्रा.

“मित्रा, पप्पांनी आत्ता बोट दाबलं माझं.”

“आई, तू रोज हेच सांगतेस.”

“खोटं वाटतं ना तुला?”

“खोटं नाही गं. पण तू सारखा पाय हलवतेस. तुझंच हलणं तुला जाणवत असेल.”

“मग तू मोज. तुमच्या लॅबमध्ये मोजता ना, केसाहून बारीक काहीतरी लावून?”

“कार्बनची नळी. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. इतकुसा जोर लागला तरी वाकते, त्यावरून कळतं.”

“मुंगीचा जोर कळेल?”

“मुंगी म्हणजे तिच्यापुढे पैलवान.”

“आणि तुम्ही काय करता तेव्हा?”

“काहीच नाही. पंखा बंद करायचा, बोलायचं नाही, चालायचं नाही. बाजूला कोणी नुसतं उठलं तरी वाट लागते.”

“मग गप्प बस. धर हा हात.”

पंखा तेवढा फिरत राहिला.

“आई.”

“काय गं?”

“पाय हलवू नकोस.”

“नाही हलवत.”

“पप्पा, परत एकदा.”

“वसुधा जोगळेकर,” आतून हाक आली. “आजी, या.”

वसुधाताईंनी गुडघ्यावरचा हातसुद्धा उचलला नाही.