शिक्का फिरत का नाही?

नाही, मला सांगा, स्वयंपाकघराला खिडक्या किती आणि पोरीचं गणित कसं, याचा काही संबंध आहे का? मी आपलं नुसतं विचारतो हं! तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, घरीच मशीन, पोरगीही घरीच शिकते, कारण शाळेतल्या बाई सारख्या म्हणायच्या, ‘अहो, तुमची मुलगी फार प्रश्न विचारते हो!’... म्हटलं, मग घरी विचारू दे! तर आलं सरकारचं पत्र... गुरुवारी तपासणी, शेरा वाईट पडला तर सोमवारपासून पोरगी परत शाळेत!

माझं अन्नपाणी तुटलं हो! आठवडाभर पोरीला पढवलं, ‘साहेबांपुढे गप्प बसायचं, एकही प्रश्न नाही!’ तर बायको म्हणते, ‘अहो, ज्याच्यासाठी शाळा सोडली तेच शिकवताय की!’ आता ऐन वेळी असं कुणी बोलतं का? मी आपलं नुसतं विचारतो!

साहेब आले. एवढासा माणूस, एवढा मोठा फॉर्म! ‘वर्ग किती?’ एक, स्वयंपाकघर! ‘खिडक्या किती?’ दोन. ‘घंटा कोण वाजवतं?’ म्हटलं, दूधवाला! हसला नाही... मग रकाना सतरा, ‘विद्यार्थी प्रश्न विचारतो का?’ साहेबांनी पोरीकडे पाहिलं, पोरीनं माझ्याकडे, मी छताकडे! ही तोंडावर बोट ठेवून, गाल फुगवून बसलेली. ‘हिला बोलता येतं ना?’ जन्मात कधी ऐकलं नाही पोरीनं माझं, ते नेमकं आजच ऐकायचं?

साहेबांनी सुस्कारा सोडून ‘नाही’ लिहिलं, तारखेचा शिक्का मारला, आणि लगेच पेनानं शिक्क्यातला महिना खोडून दुसरा लिहिला. झालं! पोरीला राहवेना. ‘काका, हा शिक्का फिरत का नाही?’
‘चाक अडकलंय गं, चार वर्षं झाली.’
‘मग उघडून का नाही बघितलं?’
साहेब म्हणाले, ‘कुणी विचारलंच नाही!’

मग काय, माझ्या मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर आला, शिक्क्याचे पाच तुकडे झाले, वाळलेल्या शाईचा खडा निघाला, दोघं जमिनीवर पालथे, चहा गार! आणि फिरला हो, महिना फिरला! साहेबांनी ‘नाही’ खोडून ‘होय, थांबत नाही’ लिहिलं, वर्षाची परवानगी दिली. माझा जीव भांड्यात पडतोय, तेवढ्यात खाली आणखी एक ओळ... ‘वडील प्रश्न विचारू देत नाहीत. पुढच्या गुरुवारी वडिलांची तपासणी.’

आता पोरगी माझा अभ्यास घेते. ‘बाबा, रोज दहा प्रश्न विचारायचे!’
म्हटलं, ‘या वयात मी काय विचारू?’
म्हणाली, ‘हा एक झाला. नऊ राहिले.’