रागावणारा माणूस

नाही, तुम्हीच सांगा, पंखा उलटा फिरतोय, समोर बसलेला माणूस घामाने निथळतोय आणि मागची भिंत गारठलीय, यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? पण वाजवल्या हो, अख्ख्या खात्याने वाजवल्या, आणि कुणासाठी, तर माझ्यासाठी! ज्याने वायरी उलट जोडल्या त्याच्यासाठी. आणि त्याही मुद्दाम. मुद्दाम का म्हणाल, तर तुम्हाला सांगतो... आमच्याकडे हल्ली कुणी रागावतच नाही.

टेबलफॅनच्या कारखान्यात माझा जन्म गेला. लागलो तेव्हा थोरले मालक होते. आवाज असा, की यंत्रं चालू असली तर सगळ्या खात्याला ऐकू जायचा आणि बंद असली तर रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा हात थांबायचा. रोज सकाळी फेरी. 'काय रे गाढवा, ही वायर आहे की तुझ्या सासूची वेणी?' झालं, हेच त्यांचं व्यवस्थापन. पण बायको बाळंतपणात अडली होती ना, त्या दिवशी मी गुपचूप कामावर आलो, कुणाला बोललो नाही, आणि हे माझ्यापाशी थबकले. तोंड असं का, म्हणाले. सांगितलं. 'मग इथे काय माझं थोबाड बघायला आलायस? नीघ!' हाकललंच मला... स्वतःच्या गाडीत घालून, दवाखान्याच्या दारापर्यंत. वाटभर शिव्या. मुलगी झाली तेव्हा बाहेर बाकावर हेच बसलेले, ड्रायव्हरवर ओरडत.

मग आले धाकटे. शिकून आलेले. त्यांनी एक घड्याळवाला आणला. तो हातात घड्याळ घेऊन दिवसभर माझ्या पाठीमागे उभा. म्हणे तुम्ही स्क्रू घ्यायला उजवीकडे वळता, त्यात वेळ जातो. स्क्रू डावीकडे ठेवले. शिंकलो, तर तेही टिपून घेतलं. थोरले फेरीला आले, त्याला म्हणाले, 'तो का शिंकतोय, ते विचारलंस?' घड्याळवाल्याने हा प्रश्नही टिपून घेतला, आणि पुढच्या आठवड्यापासून धाकट्यांनी वडिलांची फेरी बंद केली. कामाचा वेळ जातो म्हणे. आता घड्याळ काही रागावत नाही हो, ते नुसतं बघतं.

पुढे धाकट्यांनी कारखानाच विकून टाकला एका मोठ्या कंपनीला आणि आमच्या डोक्यावर आली नवी मॅनेजर. डोक्यावर म्हटलेलं तिला चालत नाही, 'सोबत' म्हणायचं. माझ्या मुलीएवढी, मला काका म्हणते, मुलगी गुणी, खोटं कशाला बोलू. सकाळी सगळ्यांना गोल करून उभं करते आणि विचारते, आज मनाला कसं वाटतंय? आमचा रंगारी म्हणाला, बरं वाटतंय. ती म्हणाली, आणखी खोल जा. तो बिचारा मागे सरकून जमिनीकडे बघायला लागला!

चुकलं तरी हसतात, उशीर झाला तरी समजून घेतात... कुणी रागावतच नाही. एक दिवस मला राहवेना. म्हटलं, बघू तरी. जोडल्या वायरी उलट. चाचणीला पंखा लागला, भिंतीला वारा, सगळे माझ्याकडे बघतायत, मी मान खाली घालून उभा, कान अगदी तयार ठेवून. ती आली. पंखा पाहिला. आणि म्हणाली, 'काका, ही चूक नाही, ही आपल्या सगळ्यांची शिकायची संधी आहे.' टाळ्या!

सुट्टी झाली तसा तडक थोरल्यांच्या घरी गेलो. मनात ठरवलं होतं, सगळं सांगायचं आणि पोटभर ऐकून घ्यायचं. सुनेने दार उघडलं, म्हणाली, हल्ली माणसं ओळखत नाहीत, पण बसा. बाल्कनीत खुर्ची, खुर्चीत ते. एवढेसे झालेले. मला बघून हात जोडले.

'या. आपण कोण?'

आपण! मला! म्हटलं, मी पंख्यांच्या कारखान्यातला. तेवढंच बोलता आलं. सून आत गेल्याची खात्री करून ते पुढे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, 'आपल्याकडे माझ्याजोगं काही काम असेल तर बघा ना. इथे सगळे फार चांगले आहेत. पण मला कुणी काही सांगत नाही. काही सांडलं, फोडलं, तरी रागावत नाहीत.'

म्हटलं, 'काम आहे. रविवारी मी येईन, आपण बसून पंखे दुरुस्त करू. पण वेळेवर तयार राहायचं. उशीर चालणार नाही, मी रागावेन.'

ते खुर्चीत ताठ झाले. 'रागवा, साहेब,' म्हणाले. आणि काय खुलला हो तो चेहरा...

तेव्हापासून दर रविवारी जातो, पिशवीत एखादा मोडका पंखा घेऊन. मी पोचायच्या आधीच हे शर्ट खोचून, भांग पाडून दारात उभे. एकदा म्हणून उशीर नाही, एक स्क्रू इकडचा तिकडे नाही.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कशावरून?